हिंग जरा जास्त झालाय

“लसूण न घालताबी चव येती. हात पायजे, हात!”

हे मी माईकवर बोलले आणि सभागृह भरून बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर शाल होती, मांडीवर नारळ होता. शेजारच्या खुर्चीत ऐंशी पार केलेल्या एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांच्या नातीनं स्वीडनला जाऊन आपला नेम पाळला होता, आणि तो माझ्या हातच्या चटणीवर पाळला होता — म्हणून हा सत्कार होता. नातीचा आणि माझा. दोघींचा.

त्या चटणीत लसूण होता. मीच घातलेला.

हे माझ्या सुनेला माहीत नाही, लेकाला माहीत नाही, माझ्या नातीला माहीत नाही. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं. त्याच्या पोटात काही राहत नव्हतं. देवळात जाते तेव्हासुद्धा हा विषय मी काढत नाही. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी मी कोण ते ऐका, नाहीतर काय झालं ते कळायचं नाही. मी कोल्हापूरची. चौथी शिकले. लग्न होऊन आले आणि घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचा डंक, म्हणजे कुटायचं यंत्र, घातला. चाळीस वर्षं मी लोकांची चटणी कुटून दिली. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात चमचाभर वाढतात ती नव्हे. लाल मिरची, कांदा, लसूण, खोबरं, खडा मसाला, सगळं भाजून-तळून कुटायचं, बरणीत दाबून भरायचं आणि वर्षभर भाजीला, आमटीला, रश्शाला घालायचं. उन्हाळ्यात दारात बायकांची रांग लागायची. सगळी गल्ली शिंकायची. लोक मिरच्या स्वतःच्या आणायचे, पण लसूण किती घालायचा हे मला विचारायचे. मी मूठ भरून टाकायचे, तेवढा बरोबर व्हायचा. तराजू लागला नाही कधी. माझी चटणी पुण्याला गेली, मुंबईला गेली, लष्करातल्या पोरांच्या ट्रंकांतून पार सरहद्दीवर गेली. मी गर्वानं सांगते. का सांगू नये? माझ्याकडं दुसरं काय होतं गर्व करायला?

होतं. नात होती. ऋतुजा.

ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा कॉलेजातून दहा पोरं-पोरी स्वीडनला अभ्यासाला जायच्या ठरल्या. एकोणीस दिवस. तिथं म्हणे कचरा जाळून घरं गरम करतात, सांडपाणी धुऊन पुन्हा वापरतात, ते बघायला. स्वीडन कुठं आहे मला माहीत नव्हतं. ऋतुजानं मोबाइलवर नकाशा दाखवला. वर, वर, अगदी टोकाला.

“एवढ्या वर माणसं ऱ्हात्यात व्हय गं?” मी विचारलं.

“ऱ्हात्यात की आजी. आणि कचरा कमी पडतो म्हणून दुसऱ्या देशातनं मागवत्यात.”

“मग आपल्या गल्लीतला घिऊन जा जाताना.”

तिचा बाप पुण्याच्या पुढं गेलेला नाही. मी तर जोतिबाला जाते आणि परत येते. आमच्या घरातली पोरगी विमानात बसणार — मी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांना थांबवून सांगितलं.

ही दहा पोरं एकमेकांना ओळखत नव्हती. वर्ग वेगळे, गावं वेगळी. व्हिसाच्या कामाला मुंबईला सगळी एकत्र गेली आणि येताना ऋतुजाची एक मैत्रीण झाली होती — सन्मती. हातकणंगल्याकडची, जैनांची. घरी ऊस, घरी दुकान. हुशार पोरगी. दिसायला शेलाटी, बोलायला हळू, पण जे बोलेल ते ठाम.

तिच्या घरी परदेशाला वडील राजी होते, तिची आजी नव्हती. त्या आजीला घरात सगळे आव्वा म्हणायचे. आव्वांचं म्हणणं एकच — पोरगी तिकडं जाईल आणि बाटून येईल. त्यात नेमकं पर्युषण त्या एकोणीस दिवसांत आलं. जैनांचे ते दहा दिवस व्रताचे. सन्मती त्या दिवसांत एकदाच जेवायची. एरवीही दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायची नाही, आणि कांदा, लसूण, बटाटा तर जन्मात खाल्लेला नव्हता. शेवटी आव्वांनी हो म्हटलं, पण अट घातली. मुनिमहाराजांसमोर नेम घ्यायचा आणि तो तिकडं पाळायचा. मोडला तर परत आल्यावर शिक्षणाचं नाव काढायचं नाही, स्थळं बघायची. पोरीनं नेम घेतला. तिचं शिक्षण त्या नेमाला बांधलेलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, कारण ऋतुजानं मला सगळं सांगूनच चटणी करायला सांगितली.

“आजी, तिला तिथं काय मिळायचं न्हाय. ब्रेड आन् भात. शेंगदाण्याची कोरडी चटणी करून दे दोन डबे. लसूण अजिबात घालू नको हं.”

“न्हाय घालत.”

हे माझं पहिलं खोटं की खरं? म्हणताना खरं होतं. खरंच होतं.

मग काय झालं? — मी बरीच वर्षं स्वतःला असं सांगितलं की हात चुकला. चाळीस वर्षांची सवय. शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, मिरची परतली, आणि हात आपोआप लसणाच्या टोपलीत गेला. ऐकायला किती बरं वाटतं बघा. म्हातारी बाई, विसरली बिचारी. कुणीही माफ करील. पण लसूण सोलावा लागतो. दोन गड्डे सोलायला वेळ लागतो. सोलता सोलता माणसाला आठवतं.

मग मी स्वतःला दुसरं सांगायला लागले. तीही गोष्ट अर्धी खरी आहे. मी आधी बिनलसणाची चटणी केली होती. चाखली. भुसा लागला, भुसा. खारट-तिखट भुसा. आणि मनात आलं — ही चटणी माझी म्हणून जाणार? विमानातून जाणार, दहा पोरं बघणार, त्यांच्या मॅडम बघणार, आणि उद्या कुणी म्हणणार की कोल्हापूरच्या कांडपवाल्या बाईची चटणी ती हीच का? माझं नाव त्या भुशाला लागणार? म्हणून मी लसूण सोलला. तेलात तांबूस होईपर्यंत तळला, निथळला, कडक होऊ दिला आणि कुटून त्यात मिसळला. वरून हिंग घातला, भरपूर. लसूण असा तळला आणि वर हिंग असला की जाणत्या माणसालाही पटकन ओळखू येत नाही. आणि सन्मतीनं लसूण जन्मात चाखला नव्हता. न चाखलेली चव कशी ओळखणार?

ऋतुजा कॉलेजातून आली आणि दारातच थांबली. “वास कसला गं?”

“हिंग जरा जास्त झालाय.”

दुसऱ्या दिवशी सन्मती डबे न्यायला आली, तिनंही झाकण उघडून वास घेतला. म्हणाली, “आमच्या घरी पण हिंग असाच असतो, आजी.” हसली. माझ्या पाया पडली.

चवीसाठी घातला — एवढ्यावर मी थांबले तर तुम्ही म्हणाल, बाई हट्टी आहे पण वाईट नाही. मीही इथं थांबायचं ठरवलं होतं. अजून पुढं आहे. पण आधी तिकडं काय झालं ते सांगते, कारण ते सांगायला मला आवडतं.

पोरं पोहोचली. रोज फोन यायचा, इथं संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला. फोनमध्ये बघावं तर तिथं लख्ख ऊन. आव्वांनी म्हणे ते ऐकून सांगितलं, “दिवस उशिरा मावळतो व्हय? बरा देश हाय की मग.” ऋतुजा कचऱ्याचे डबे दाखवायची. काचेला वेगळा, कागदाला वेगळा, उष्ट्याला वेगळा. एका बाटलीसाठी ती पोरं चार ठिकाणी फिरायची. थंडीनं सगळ्यांची नाकं लाल. आमच्या पोरीनं तिथल्या मोठ्या प्राध्यापकांसमोर उभं राहून पंचगंगेच्या पाण्यावर इंग्रजीत भाषण केलं. मला एक शब्द कळला नाही. मी तो व्हिडिओ सगळ्या गल्लीला दाखवला. दुधवाल्यालाही दाखवला.

आणि सन्मती — काय सांगू तिचं! इतरांना पहिले चार दिवस ब्रेड-लोणी गोड लागलं, मग सगळी कावली. ही पर्युषणात दिवसातून एकदाच बसायची, ब्रेडवर किंवा भातावर चटणी घ्यायची, शांतपणे जेवायची, उठायची. चेहऱ्यावर उपासाचा मागमूस नाही. ऋतुजानं दोन रंगांची झाकणं केली होती. लाल झाकणाचा डबा बाकीच्यांचा, आमच्या नेहमीच्या चटणीचा, त्यात लसूण-बिसूण सगळं. हिरवं झाकण सन्मतीचं. हिरव्या डब्याला कुणी हात लावायचा नाही असा पोरांनी आपसात नियमच केला. तिचा चमचा वेगळा ठेवला, त्याला दोरा बांधला. एकदा साताऱ्याच्या एका पोरीनं चुकून तो चमचा लाल डब्यात घातला, तर पोरांनी तिला नवा चमचा आणायला दुकानात पिटाळलं. ती बिचारी पावसात गेली आणि घेऊन आली. दहा दिवसांपूर्वी ही पोरं एकमेकांची नावं विसरत होती. आता दहाही जणं एका पोरीचा नेम राखत होती.

आणि ज्या डब्याची राखण चालली होती, त्यात काय होतं?

एकदा तिथल्या एका बाईंनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. मासे, बटाटे, असंच सगळं. सन्मतीनं हात जोडून सांगितलं की मी माझं आणलंय, आणि हिरवा डबा काढला. त्या बाईंना राग आला नाही, नवल वाटलं. चाखू का म्हणाल्या. सन्मतीनं वेगळ्या चमच्यानं त्यांना जराशी दिली. बाई खोकल्या, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्याल्या, पुन्हा मागितली. मग बोट वर करून म्हणाल्या — यात लसूण आहे ना?

सगळी पोरं हसली. सन्मतीनं त्यांना समजावून सांगितलं की लसूण नाही, हिंग. आमच्याकडं हिंग असतो, त्याचा वास तसाच येतो. त्या बाईंना हिंग माहीत नव्हता. पोरांनी फोनवर चित्र काढून दाखवलं. बाईंनी मान हलवली, चुकलं म्हणाल्या.

ऋतुजानं हे फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या घरात हशा झाला. सून म्हणाली, “त्या बाईला काय कळतंय हिंग आन् लसूण!” सगळ्यात मोठ्यानं मी हसले. सात समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईच्या जिभेला खरं कळलं होतं. तिला खोटं पाडून पोरं हसत होती. आणि मी?

पर्युषण सुरू व्हायला तेव्हा अजून चार दिवस होते. त्या एका फोनवर मी म्हणू शकले असते — पोरी, तो डबा बाजूला ठेव, बाई खरं बोलतीया. रोज फोन येत होता. रोज म्हणू शकले असते. शेवटी सन्मतीही यायची फोनवर, वाकून बघायची, “आजी, तुमच्यामुळं चाललंय बघा सगळं.” मी म्हणायचे, “खा, खा. पोटभर खा.”

ऋतुजाला संशय आला का? नाही. तिला लसणाचा वास येतो, मूर्ख नाही ती. पण आजी खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात येऊच शकत नाही. फटकळ बाई खोटं बोलत नाही असं लोक समजतात. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलले, म्हणून माझं सगळं खरं धरलं जातं.

आता ते राहिलेलं सांगते.

सन्मती पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी मी बटाट्याची भाजी केली होती. ती खाऊ शकली नाही. चहा घेतला नाही. पाणीसुद्धा घरून गाळून आणलेलं, बाटलीत. मी म्हटलं, “मग खाती काय तू? वारा?”

“वारा चालतो, आजी. गाळून घेतलेला.”

मला पोरगी आवडली. तोंडाला तोंड देणारी माणसं मला आवडतात. मी तिच्याशी भांडत बसले. म्हटलं, “जमिनीखालचं चालत न्हाय म्हणतीस, मग शेंगा काय झाडाला लटकत्यात? शेंगदाणा कसा चालतो?” ती म्हणाली, “शेंगा उपटून वाळतात आजी, म्हणून चालतात.” मी म्हटलं, “लसूणबी वाळतो की.” ती खो खो हसली. सगळं छान चाललं होतं.

मग तिनं विचारलं, “आजी, चटणी कुटायला खलबत्ता वेगळा आहे का? लसूण न लागलेला?”

“धुतलेला हाय की स्वच्छ.”

“धुतलेला नको, आजी. मी घरून पाठवते.”

काही वावगं बोलली का ती? नाही. नेमाची पोरगी, तिनं विचारायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती खलबत्ता घेऊन आली. काळ्या दगडाचा, जड, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. आव्वांच्या सासूचा. जिथं कधी लसणाची सालही पडली नाही असा. फडकं सोडता सोडता ती म्हणाली, “आव्वानं सांगितलंय, आंघोळ करून मग कुटा म्हणून.”

मला. चाळीस वर्षं अर्ध्या कोल्हापूरची चटणी कुटणाऱ्या बाईला. पहाटे आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावणाऱ्या बाईला. एक न बघितलेली म्हातारी, तिकडं हातकणंगल्याजवळच्या गावात बसून, मला आंघोळ करायला सांगत होती.

मी काही बोलले नाही. मी! जी रस्त्यावरच्या पावण्यालाही सोडत नाही ती. “बरं” म्हटलं आणि खलबत्ता ठेवून घेतला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बोलते तेव्हा भ्यायचं कारण नसतं. मी गप्प बसले तर समजावं.

आंघोळ केली. डोक्यावरून केली. शेंगदाणे कुटले, चटणी केली, चाखली, भुसा लागला, हे सगळं मी सांगितलं ते खरं आहे. पण भुसा लागला म्हणून मी उठले नाही. भुशात जिरं वाढवता आलं असतं, चिंच घालता आली असती, खोबरं जास्त घालता आलं असतं. मला दहा वाटा माहीत आहेत. मी उठले, कारण तो काळा दगड माझ्यासमोर होता. मी दोन गड्डे सोलले, तळले, आणि आमचे तीन खलबत्ते घरात असताना, पुढच्या खोलीत डंक असताना — त्या दगडात कुटले. आव्वांच्या सासूच्या दगडात. सावकाश. कुटताना मी मोठ्यानं म्हटलं, “कर आता आंघोळ.”

चूक नव्हती. विसर नव्हता. चवीचं वेडही नव्हतं. मला त्या म्हातारीचा सोवळेपणा मोडायचा होता, आणि तो मी एका पोरीच्या तोंडातून मोडला, जिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. त्या वेळी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

खलबत्ता मी चिंचेनं घासला, राखेनं घासला, उन्हात ठेवला, पांढऱ्या फडक्यात बांधून परत दिला. दगड लसूण सोडत नाही हे मला कुणी शिकवायला नको. आव्वा त्यातच पुन्हा सुंठ कुटू लागल्या, वेलदोडे कुटू लागल्या, देवाच्या प्रसादाचं कुटू लागल्या. शेवटपर्यंत.

पोरं परत आली. दहाही धडधाकट. सन्मतीचा नेम राहिला म्हणून गावात तिचं कौतुक झालं, त्यांच्या महिला मंडळानं सत्कार ठेवला, आणि आव्वांनी हट्ट धरला की चटणी करणाऱ्या बाईला बोलवा. गाडी पाठवली. मी नऊवारी नेसून गेले. नाही म्हणता आलं असतं — गुडघा दुखतो, ताप आलाय. मी गेले. मला जायचं होतं. मला ती शाल हवी होती.

आव्वांना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं ताठ, नाक वर केलेली बाई असेल. ठेंगणी, कमरेत वाकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “बाई, माझ्या तोंडातनं काय वाकडं गेलं असंल तर मनात धरू नका. म्हातारीला भ्या वाटत हुतं पोरीचं.” त्या आंघोळीच्या निरोपाबद्दल बोलत होत्या. त्यांना आठवत होतं. खाली घातलेली मान मी पाच मिनिटांत वर केली आणि माईक हातात घेतला. त्यानंतर काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच व्यासपीठावर आव्वा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आता ही कुठंबी जाऊ दे शिकायला. माझा शब्द.” आणि शब्द पाळला. सन्मती दोन वर्षांनी पुन्हा स्वीडनला गेली, एकटी, पुढचं शिकायला. आज तिथंच नोकरीला आहे, पाणी शुद्ध करायच्या कामात. तिच्या धाकट्या बहिणीलाही कुणी अडवलं नाही.

तुम्ही आता म्हणाल, बघा, तुम्ही गप्प राहिलात म्हणून पोरगी शिकली. हे मलाही सुचलं होतं, मी ते बरेच दिवस वापरलं. म्हणू नका. मी गप्प राहिले ती शिकावी म्हणून नाही. माझी मान खाली जाईल म्हणून. तिचं शिक्षण वाटेत आलं इतकंच. आणि ती शिकली ती तिच्या हिमतीवर. ब्रेडवर मीठ टाकून खावं लागलं असतं तरी तिनं ते दहा दिवस काढले असते. ते मला तेव्हाही माहीत होतं. त्या पोरीचा मला अभिमान वाटतो, सख्ख्या नातीइतका. तिनं नेम पाळला, पुरता पाळला. मोडला तो मी.

आता दरवर्षी पर्युषणाच्या आधी तिचा फोन येतो आणि मी चटणी करते. नवा खलबत्ता आणलाय, तेवढ्यासाठीच, माळ्यावर वेगळा बांधून ठेवते. त्या दिवशी घरात लसूण आणू देत नाही. सून म्हणते, “आत्या, तुमचं सोवळं वाढलं बघा म्हातारपणी!” जिरं घालते, चिंच घालते, खोबरं जास्त घालते. माझ्या हातची चटणी आहे ती, चांगलीच होते. आता तिच्यात लसूण नसतो, हे मी शपथेवर सांगते, जरी माझ्या शपथेला आता किंमत नसली तरी.

सन्मती ती खाते आणि दरवर्षी फोनवर तेच म्हणते. “छान झालीय, आजी. पण त्या पहिल्या वर्षीची चव काही वेगळीच होती. तेव्हा काय घातलं होतं हो तुम्ही?”

“हिंग,” मी म्हणते. “जरा जास्त झाला हुता.”

“मग आताही जास्त घाला की!”

घालते मी. दरवर्षी घालते. तरी ती म्हणते, तशी नाही झाली.

हे तुम्ही छापलंत तर ती वाचेल. मराठी विसरलेली नाही ती. वाचून तिनं काय करायचं ते तिनं बघावं.

आव्वा मागच्या पावसाळ्यात वारल्या. त्यांना कळलं नाही. सन्मती तिकडं आहे. मी इथं आहे.